स्वस्त लेन्स घेताय? मग आधी तिचा प्ले बघा

पार्सल तालुक्याच्या गावी आलं होतं. घरी जाईपर्यंत धीर निघेना, म्हणून ओळखीच्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसूनच फोडलं. आत एका चिनी कंपनीची ३५ मिमी एफ १.४ लेन्स, साडेसात हजारांची. दुकानदार काकांना विचारून इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली, तर १८० ग्रॅमच्या आसपास भरली.

"काहून जी, चांदी घेतली का?" काका म्हणाले.

चेष्टाच होती, पण हातात घेतल्यावर मलाही तसंच काहीसं वाटलं होतं. चहाच्या कपाएवढी वस्तू, थंडगार धातू, कोरलेले आकडे आणि त्या आकड्यांत भरलेला रंग. फोकस रिंग फिरवली तर घट्ट मधात चमचा फिरावा तशी फिरली. अ‍ॅपर्चरची, म्हणजे उजेड आत येतो त्या छिद्राची, रिंग प्रत्येक आकड्यावर टिक् टिक् करत थांबत होती. साडेसात हजारांत खडखडणारं खेळणं येईल, अशी तयारी ठेवूनच मी पैसे भरले होते. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातल्या, नाटकांचे फोटो काढायला उजेड ओढणारी लेन्स हवी होती (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), आणि मोठ्या कंपनीची तेवढ्या उजेडाची लेन्स घ्यायची तर धानाचा एक हंगाम पुरला नसता.

त्यानंतर अशा बऱ्याच लेन्स हाताळल्या. काही माझ्या, काही मित्रांच्या, काही परत पाठवलेल्या. आता आसपासच्या गावांतली पोरं कॅमेरा घेतला की विचारायला येतात. प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, स्वस्तातली घेतली त टिकल का?" त्यांच्यासाठीच हे लिहितोय. स्वस्त म्हणजे माझ्या हिशोबात पाच ते पंधरा हजार.

आधी माउंट, मग बाकी सगळं

लेन्स कितीही मजबूत असली तरी तुमच्या कॅमेऱ्यावर बसली पाहिजे. हे सांगावं लागतं, कारण गेल्या दिवाळीत एक जण सोनीसाठीची लेन्स निकॉनवर बसवायला घेऊन आला होता. तुमच्या कॅमेऱ्याच्या माउंटचं, म्हणजे लेन्स जिथे अडकते त्या कड्याचं, नाव बघा: कॅननचं ईएफ, ईएफ-एस किंवा आरएफ, निकॉनचं एफ किंवा झेड, सोनीचं ई, फुजीचं एक्स. लेन्सच्या जाहिरातीत तेच नाव असलं पाहिजे.

यात दोन खड्डे आहेत आणि नवखा माणूस त्यांत हमखास पडतो. पहिला निकॉनवाल्यांचा. जुन्या एएफ-डी प्रकारच्या लेन्स सेकंडहँडमध्ये स्वस्त मिळतात आणि बांधणीला दणकट असतात. पण त्यांच्यात फोकसची मोटर नसते. ती कॅमेऱ्याच्या बॉडीत लागते. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत ती नाही, त्यामुळे लेन्स बसेल, फोटोही निघेल, पण फोकस हातानेच करावा लागेल. डी७००० मालिकेत मोटर आहे. तुमचा कॅमेरा कोणता ते बघून पैसे द्या.

दुसरा खड्डा जुन्या सोव्हिएत लेन्सचा. हेलिओस ४४-२, ५८ मिमी एफ २, पूर्ण धातूची, छिद्र मिटवणाऱ्या आठ पात्यांची. झेनिट कॅमेऱ्यांबरोबर यायची ती. पार्श्वभूमीत पानं भोवऱ्यासारखी फिरल्यागत दिसतात म्हणून पोरांना वेड लागलंय तिचं. ती एम४२ नावाच्या आट्यांवर बसते. ही लेन्स सेन्सरपासून ४५.४६ मिमीवर असावी लागते. कॅनन ईएफमध्ये ते अंतर ४४ मिमी आहे, म्हणजे मधे दीड मिमीचा अ‍ॅडॅप्टर मावतो. निकॉन एफमध्ये ते ४६.५ आहे. लेन्स आधीच एक मिलिमीटर लांब राहते आणि दूरचं काहीच धारदार येत नाही. सोनी ई म्हणजे १८ मिमी, फुजी १७.७, तिथे अडचण नाही. एका मिलिमीटरने काय बिघडतं, असं म्हणू नका. लेन्समध्ये सगळं त्यावरच चालतं.

धातू म्हणजे चांगलं, प्लास्टिक म्हणजे वाईट?

इथे जरा थांबू, कारण नवखे सगळ्यात जास्त इथेच फसतात. मीही फसलोय.

त्या पहिल्या लेन्सचं कौतुक आवरेना म्हणून ती नागभीडला एका लेथवाल्या मित्राकडे घेऊन गेलो. हा गडी दिवसभर पंपाचे शाफ्ट आणि ट्रॅक्टरचे बुश टर्न करतो. फोटोग्राफीशी त्याचा संबंध लग्नातल्या अल्बमपुरता. त्याने हात फडक्याला पुसले, लेन्स घेतली, आणि काचेकडे बघितलंसुद्धा नाही. पुढचा भाग दोन बोटांत धरून आडवा हलवून पाहिला. मग फोकस रिंग अगदी केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे. कान जवळ नेला. रिंगवरच्या खाचांवरून नख फिरवलं.

"प्ले नाही याला," तो म्हणाला. "आतले आटे बारीक हायेत. एक बाजू पितळ असन, दुसरी अ‍ॅल्युमिनियम. दोन्ही एकच धातू असते त कधी ना कधी धरले असते." मग किंमत विचारली. सांगितल्यावर परत एकदा रिंग फिरवली. "साडेसातमंधी? मी त एवढ्यात नुसतं वरचं नळकांडं टर्न करून देनार नाई."

प्ले हा शब्द लक्षात ठेवा. लेथवाल्यांचा, सायकलवाल्यांचा, मोटर मेकॅनिकचा शब्द. बेअरिंगमध्ये, एक्सेलमध्ये जी नको असलेली हालचाल असते ती. लेन्सची बांधणी तपासायची म्हणजे नव्वद टक्के हाच प्ले तपासायचा.

मग एवढ्या पैशात हे जमतं कसं? अशा मॅन्युअल, म्हणजे हाताने फोकस करायच्या, लेन्समध्ये मोटर नाही, चिप नाही, हाताची थरथर रोखणारं यंत्र नाही. आहेत फक्त मोजकी भिंगं, एक नळकांडं, आटे आणि पाती. नळकांडं संगणकावर चालणाऱ्या मशीनवर कापलं जातं, आणि एकदा प्रोग्रॅम बसला की पहिला नग आणि हजारावा नग सारखाच निघतो. भिंगांचा आराखडाही नवा शोधावा लागत नाही. ५० मिमीच्या बहुतेक स्वस्त लेन्स ज्या कुळातल्या आहेत त्यातली झाइसची प्लानार पॉल रुडॉल्फने १८९६ मध्ये केली होती. सव्वाशे वर्षं घासून पुसून घेतलेली विद्या आहे ती, तिच्या संशोधनाचा खर्च आता ग्राहकाच्या डोक्यावर येत नाही. टीटीआर्टिझन, सेव्हन आर्टिझन्स, मेइके ही मंडळी याच वाटेने चालली आहेत.

आता प्लास्टिकची बाजू. कॅननची ५० मिमी एफ १.८ ही गरिबाची लेन्स म्हणून जगभर खपते. १९८७ मध्ये ती आली तेव्हा तिचा माउंट धातूचा होता. १९९० मध्ये दुसरी आवृत्ती आली, तिचा माउंट प्लास्टिकचा, वजन जेमतेम १३० ग्रॅम. ती पंचवीस वर्षं विकली गेली. २०१५ मध्ये एसटीएम (स्टेपिंग मोटरची) आवृत्ती आली आणि माउंट पुन्हा धातूचा झाला, वजन १६० ग्रॅमच्या घरात, पाती पाचाची सात झाली, आणि जवळचं फोकस ४५ सेंटिमीटरवरून ३५ वर आलं. बाहेरचं अंग अजून प्लास्टिकचंच आहे. आमच्याकडे ही लेन्स पोरांच्या गळ्यात पोळ्याच्या गर्दीत बैलांचे खांदे खात फिरते आणि तिला काही होत नाही.

निकॉनची डीएक्स ३५ मिमी एफ १.८ जी, २००९ ची. अंग प्लास्टिकचं, माउंट धातूचा, आणि माउंटच्या कडेला रबराची बारीक चकती. धूळ बॉडीत जाऊ नये म्हणून. ही चकती कितीतरी महाग लेन्सना नसते. आणि उलट बाजूने बघा, कॅननची लाल पट्टीची १०० मिमी मॅक्रो, २००९ मधली, स्वस्त अजिबात नाही, तिचंही बाहेरचं अंग प्लास्टिकचं आहे. ते बादलीचं प्लास्टिक नव्हे. शिवाय मे महिन्यात ब्रह्मपुरीला पारा ४६ च्या पुढे जातो तेव्हा उन्हात ठेवलेली धातूची लेन्स हातात धरवत नाही, प्लास्टिकची धरवते.

म्हणून माझा साधा नियम आहे: अंग कशाचंही असू दे, माउंट धातूचा असावा. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या किट झूमसारख्या हलक्या लेन्सला प्लास्टिकचा माउंटही चालून जातो. कॅननच्या ५५-२५० एसटीएमचा तसाच आहे आणि ताडोबाच्या जिप्सीत ती सर्रास दिसते.

दहा मिनिटांची परीक्षा

दुकानात असाल तर काउंटरवर, ऑनलाइन मागवली असेल तर पार्सल फोडल्या फोडल्या. पार्सल फोडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. खेड्यात कुरिअर दोन दिवस उशिरा पोहोचतं आणि परत करायची मुदत तिकडे आधीच चालू झालेली असते, त्यामुळे "रविवारी निवांत बघू" हे करू नका.

लेन्स कॅमेऱ्यावर बसवा. बसताना खट्ट असा एकच आवाज यावा. आता बॉडी डाव्या हातात घट्ट धरा आणि उजव्या हाताने लेन्स वर-खाली हलवून पाहा. फिरवण्याच्या दिशेने केसभर हालचाल असेल तर चालतं, लॉकच्या खिट्टीला तेवढी जागा लागते. पण वर-खाली डुगडुगत असेल तर नको. अ‍ॅडॅप्टर लावला असेल तर दोष आधी त्याच्यावर घ्या. दोनशे रुपयांचा अ‍ॅडॅप्टर ढिला असतो आणि शिव्या बिचाऱ्या लेन्सला बसतात.

मग पुढचं टोक धरून आडवं हलवा, लेथवाल्याने केलं तसं. त्यानंतर फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. सगळीकडे सारखा जडपणा हवा. मधेच मऊ, मधेच अडखळत असेल तर आत ग्रीस नीट पसरलेलं नाही किंवा आट्यात कण आहे. दिशा बदलताना रिंग थोडी फिरते पण काच हलत नाही, असं जाणवलं तर तोही प्लेच, आणि फोकस करताना तो फार छळतो.

एक खुलासा, नाहीतर उगीच घाबराल. कॅमेरा बंद असताना एसटीएमसारख्या काही लेन्सची फोकस रिंग फिरवली तर काहीच होत नाही. ती बिघडलेली नसते. तिथे रिंग आणि काच यांच्यामधे तार आणि मोटर आहे, आटे नाहीत. कॅननची ५० एसटीएम फोकस करताना तोंड पुढे काढते. कॅमेरा बंद करण्याआधी फोकस दूरवर नेऊन ते तोंड आत घ्या. बाहेर राहिलेल्या तोंडावर बॅगेत दाब आला तर त्या नाजूक मोटरवर येतो. तसंच, थरथर रोखणारी सोय असलेली लेन्स हलवली तर आतून खडखड येते. आतला भिंगांचा गट मोकळा तरंगता असतो, म्हणून. ती खडखड निरोगी आहे.

अ‍ॅपर्चरची रिंग असेल तर ती प्रत्येक आकड्यावर फिरवत समोरून आत बघा. पाती एकसारखी मिटताहेत का, मधलं छिद्र वाकडं तर नाही ना. काही लेन्सना क्लिक नसतो, रिंग गुळगुळीत फिरते. तो दोष नाही, व्हिडिओवाल्यांसाठी मुद्दाम तसं केलेलं असतं. मला मात्र क्लिक हवा. अंधारात, नाटक चालू असताना, आकडा दिसत नाही, टिक् मोजून कळतं.

झाकणही बघा. हसू नका. माझ्या एका लेन्सचं झाकण लोणच्याच्या बरणीसारखं आट्यांचं आहे, सुंदर, धातूचं. शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, ते फिरवून काढेपर्यंत जोडी दान (धावपट्टी) पार करून गेलेली असते.

सेकंडहँड असेल तर टॉर्च

मोबाइलचा टॉर्च लावा, लेन्सच्या मागून उजेड टाका आणि पुढून तिरकं बघा. त्यासाठी पाती पूर्ण उघडी हवीत. कॅनन ईएफ लेन्स कॅमेऱ्यातून काढली की पाती उघडीच असतात. निकॉन एफची मिटलेली असतात. मागच्या बाजूला छोटी दांडी आहे ती हळूच सरकवून धरा. रिंग असलेल्या मॅन्युअल लेन्सचा प्रश्नच नाही, रिंग सगळ्यात लहान आकड्यावर आणा.

आत धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्या, फोटोत ते येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या, मुळांसारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बुरशी. घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. ती काचेवरचा लेप खाते, आणि खाल्लेला लेप पुसून परत येत नाही. भिंगावर दुधाळ पडदा असेल तर उजेडाच्या विरुद्ध काढलेला प्रत्येक फोटो फिकट येणार.

पात्यांवर तेलकट, इंद्रधनुषी डाग दिसला तर काय? आपल्याकडच्या उन्हाळ्यात आतलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं, हे जुन्या लेन्समध्ये फार दिसतं. हाताने पाती मिटायची लेन्स असेल तर एवढं बिघडत नाही. पण कॅमेरा स्वतः पाती मिटवतो अशा लेन्समध्ये चिकट पाती वेळेवर मिटत नाहीत आणि फोटो पांढरे पडतात. मी नागपुरात सीताबर्डीच्या एका दुकानातून घाईत, बस पकडायची म्हणून टॉर्च न लावता एक जुनी लेन्स उचलली होती. घरी येऊन बघितलं तर बुरशी. दुकानदार म्हणाला, "आमच्याकडे होती तेव्हा नव्हती." दोन तासांत उगवली असेल बहुतेक.

कॅमेऱ्यात एक बटण

मॅन्युअल लेन्स लावली, शटर दाबलं, काहीच झालं नाही. मेली वाटतं? नाही. या लेन्समध्ये विजेची टोकंच नसतात, त्यामुळे मिररलेस कॅमेऱ्याला वाटतं की पुढे लेन्सच नाही. मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर चालू द्यायचा पर्याय शोधा आणि चालू करा. बॉडीत थरथर रोखायची सोय असेल तर तिथे लेन्सची फोकल लांबी, म्हणजे तिचा मिमीतला आकडा, हाताने भरा. फोकस पीकिंगही चालू करा, धारदार कडा रंगीत दिसतात. झालं.

विलट्रॉक्ससारख्यांच्या स्वस्त ऑटोफोकस लेन्सच्या माउंटलाच यूएसबी-सीचं छिद्र असतं, नवं फर्मवेअर (लेन्सच्या आतलं सॉफ्टवेअर) थेट त्यातून भरता येतं. ते कशासाठी आहे हे ठाऊक नसलेल्या एकाने मला विचारलं होतं की ही लेन्स चार्ज किती वेळ करायची.

बांधावर उभं राहून

हाताची परीक्षा झाली, आता डोळ्याची. दणकट नळकांड्यात भिंगं तिरकी बसवलेली असू शकतात, आणि स्वस्त लेन्समध्ये खरा जुगार इथे आहे. एकच लेन्स, एकच कंपनी, पण दोन नगांत फरक पडतो. महाग लेन्सच्या किमतीतला बराच पैसा प्रत्येक नग तपासण्यात जातो, तोच इथे वाचवलेला असतो. मी परत पाठवलेल्यांपैकी एक लेन्स हातात घेतली तर देखणी, तोफेसारखी भरीव, आणि उजवीकडचा तिसरा हिस्सा कायम धूसर.

आपल्याकडे यासाठी देवाने प्रयोगशाळाच दिली आहे. धानाच्या बांधीत उभं राहा, पलीकडे दूरवर झाडांची रांग असते. ट्रायपॉड किंवा बैलबंडीच्या चाकाचा टेकू घ्या. रांग फ्रेमच्या मधोमध आडवी येऊ द्या, मध्यभागी फोकस करा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून एक फोटो, मग एफ ४ वर एक, एफ ८ वर एक. घरी मोठं करून डावं टोक आणि उजवं टोक शेजारी शेजारी बघा. दोन्ही कडा सारख्याच मऊ असतील तर चालेल, स्वस्त लेन्स पूर्ण उघडी असताना कडांना मऊ असतेच आणि एफ ४ नंतर सुधारते. एकच बाजू मऊ असेल तर शंका घ्या. खात्रीसाठी कॅमेरा उलटा धरून तोच फोटो काढा. मऊपणा आता दुसऱ्या टोकाच्या झाडांवर गेला असेल तर दोष लेन्सचा. त्याच झाडांवर राहिला असेल तर तुम्ही रांगेसमोर तिरके उभे होता.

मग रात्री गावाबाहेरच्या मोबाइल टॉवरचा लाल दिवा किंवा एखादा ठळक तारा घ्या. फोकस रिंग अनंताच्या, म्हणजे आडव्या आठाच्या खुणेवर न्या, स्क्रीनवर दहा पट मोठं करून बघा. दिवा खुणेच्या थोडा आधीच टिपल्यासारखा झाला तर उत्तम, उष्णतेने धातू फुगला तरी जागा शिल्लक आहे. रिंग शेवटपर्यंत फिरवूनही दिवा गोळाच राहिला तर परत पाठवा. काही लेन्सच्या रिंगला तीन सूक्ष्म स्क्रू असतात, ते ढिले करून रिंगची खूण जुळवता येते, पण पहिल्या महिन्यात स्क्रू-ड्रायव्हर लावू नका. वॉरंटी असते.

खुणा बरोबर आहेत हे कळलं की त्यांचा फायदा घ्या. ३५ मिमी लेन्स एफ ८ वर ठेवून फोकस साडेसात-आठ मीटरवर लावला, तर साधारण चार मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं धारदार येतं. हा हिशोब एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, सेन्सरचा. आपल्यापैकी बहुतेकांच्या कॅमेऱ्यात तोच असतो. शंकरपटात दिवसाउजेडी मी असंच करतो. रिंगला हात लावायचा नाही, जोडी आली की दाबायचं. ऑटोफोकसवाल्यांना हे पटत नाही, पण त्यांची लेन्स धुळीच्या लोटावर फोकस करून बसते तेव्हा पटतं.

धूळ, पाऊस आणि तांदूळ

स्वस्त लेन्सच्या जाहिरातीत धातूचं अंग मोठ्या अक्षरांत असतं. धूळ आणि पाणी आत जाऊ नये म्हणून लागणारं रबर बहुतेकींत नसतं. भरीव दिसते म्हणून ती पावसात चालेल, हा गैरसमज. मळणीच्या दिवसांत थ्रेशरच्या वाऱ्याखाली उभं राहायचं नाही, आणि लेन्स बदलायची असेल तर घरात येऊन, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून बदलायची. तोंड पुढे-मागे करणारी लेन्स दर वेळी हवा आत ओढते, आणि हवेबरोबर कोंडा.

पुढे हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरचं संरक्षक कडं, लावा. लेन्स पडली तर आधी तो फुटतो आणि काच वाचते.

पावसाळ्यात लेन्स तिच्या कातडी पाकिटात घालून कपाटात ठेवणं म्हणजे बुरशीची शेती करणं. जून ते सप्टेंबर आमच्याकडे भिंतीला ओल असते. पापडाचा हवाबंद डबा घ्या, त्यात निळ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटं आर्द्रता दाखवणारं मीटर ठेवा. काटा ४० ते ५० च्या मधे राहू द्या. जेल गुलाबी झालं की पुडीतून काढून तव्यावर मंद आचेवर भाजा, निळं झालं की गार करून परत. तवा त्यासाठी वेगळा ठेवा, पोळ्यांच्या तव्यावर हे करू नका.

आणि तांदळात नको. आपण धानवाले, मोबाइल पाण्यात पडला की तांदळाच्या ड्रमात घालायची सवय. लेन्स तांदळात ठेवलीत तर आट्यांमध्ये पीठ जाईल आणि मग लेथवाला काय म्हणेल ते मला विचारू नका.

पहिली रात्र

चांगली लेन्स घेतल्यावर पोरं तिची परीक्षा फुलांवर घेतात. मी म्हणतो, नाटकाला जा. दिवाळी झाली की वडश्याच्या नाटक मंडळ्या निघतात आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावागावांत होळीपर्यंत रात्रभर पडदा वर असतो. गावात मंडई (म्हणजे जत्रा) किंवा पट असला की त्या रात्री नाटक ठरलेलं.

किट लेन्स ५५ मिमीला एफ ५.६ पर्यंतच उघडते. एफ १.८ ची लेन्स तिच्यापेक्षा जवळपास दहा पट उजेड आत घेते. म्हणजे आयएसओ १६०० वर जिथे किट लेन्सला सेकंदाचा सोळावा भाग लागतो आणि नायिका वळली की तिचा चेहरा पुसला जातो, तिथे हिला १/१६० मिळतो. ५० मिमी असेल तर एपीएस-सी कॅमेऱ्यावर ती ७५ ते ८० मिमीसारखी दिसते, म्हणून तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसा. ३५ असेल तर पुढे, सतरंजीवर. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा ही सेटिंग, हाताने ठरवा, कारण स्टेजवरचे लाल-निळे दिवे कॅमेऱ्याला दर मिनिटाला फसवतात. मॅन्युअल लेन्स असेल तर माइकवर फोकस लावून ठेवा. झाडीपट्टीच्या रंगमंचावर नट फिरून फिरून टांगलेल्या माइकखालीच येतात. तिथे तुमची रिंग जागची हलत नाही ना, हे पहाटेपर्यंत कळेल. ढिली रिंग बाहीच्या धक्क्यानेही सरकते.

पहाटे नाटक संपतं तेव्हा बांधीत दव पडलेलं असतं आणि धातूची लेन्स बर्फासारखी गार झालेली असते. तिथेच, मांडवात, झाकण लावून ती बॅगेत घाला आणि चेन पूर्ण बंद करा. घरी आल्यावर चूल पेटलेली असते, पाणी तापत असतं, आणि त्या उबदार दमट हवेत गार काच उघडली की आत-बाहेर बाष्प धरतं. फोटो बघायची घाई असली तर कार्ड मांडवातच काढून खिशात ठेवा. बॅग तशीच बंद, खुंटीला टांगलेली, दुपारी उठेपर्यंत.